झाडांचं काळं-पांढरं चित्र घरी आलंय, ते बघायचं कसं?

नेरूळची_सून

नमस्कार मंडळी. चित्रकलेतलं मला फारसं कळत नाही पण सध्या एकच चित्र डोक्यात घर करून बसलंय म्हणून इथे विचारतेय. आमच्या आत्याबाई, म्हणजे मिस्टरांच्या सख्ख्या आत्या, ठाण्याला नौपाड्यात राहतात, त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि भाड्याच्या लहान जागेत सामान मावेना म्हणून त्यांनी एक जुनं फ्रेम केलेलं चित्र आम्हाला दिलं.

फोटो काढला तर काचेवर ट्यूबलाइटच दिसते, त्यामुळे लिहूनच सांगते. दोन फूट बाय दीड फूट असेल, आडवं. रंग एकही नाही, सगळं काळं आणि करडं. डावीकडे तीन उंच झाडं, पान म्हणून नाही, त्यातलं मधलं झाड उजवीकडे कललेलं. उजव्या बाजूला मात्र गच्च काळी झाडी, तिथे हे झाड कुठलं आणि ते कुठलं असं वेगळं करता येत नाही, बोटाने फासल्यासारखं आहे. या दोघांच्या मधून एक पांढरा पट्टा खालून निघून मागे जातो, तो रस्ता आहे, पाणी आहे का धुकं हे कळत नाही कारण तिथे जवळजवळ काही काढलेलंच नाही. अगदी मागे डोंगराची फिकट रेघ. कललेल्या झाडाच्या फांद्यांना काळे ठिपके आहेत, आणि खाली उजवीकडे पट्ट्याच्या कडेला एक आखूड खुंटासारखं काहीतरी. सही वाचता येत नाही, सहीखाली ७८ लिहिलंय. आत्याबाईंना इतकंच आठवतं की त्यांच्या मिस्टरांना ऑफिसमधल्या कुणीतरी रिटायर होताना दिलं होतं, कुणी ते माहीत नाही, आणि आत्याबाईंचे मिस्टर आता नाहीत.

तर घरात तीन मतं आहेत. सासूबाई म्हणतात वाळकी झाडं, त्यावर कावळे, असलं चित्र हॉलमध्ये नको. लेक नववीत आहे, एलिमेंटरी झालीय तिची, ती म्हणते हे भुताचं जंगल आहे. आणि मिस्टर म्हणतात माथेरानचं धुकं आहे, विषय संपला. मला स्वतःला ते बघून अजिबात उदास वाटत नाही, उलट बरं वाटतं, पण का बरं वाटतं ते सांगता येत नाही त्यामुळे मी वादात हरते. अशा चित्राचा अर्थ लावायची काही पद्धत असते का, का ज्याला जे वाटेल ते? आणि रंग नसला, पानं नसली की चित्र दुःखाचं, हे खरं आहे का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

काळा_खडू

ताई, तुम्ही वर्णन इतकं छान केलंय की अर्धं काम तिथेच झालं. मी ठाण्यात बरीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, तेव्हा माझ्या अनुभवातून सांगतो. ‘अर्थ काय’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा, तो शेवटी आपोआप येतो. आधी हे बघा की माणसाने हाताने नेमकं काय काय केलंय.

पहिली गोष्ट, ते कशाने काढलंय. रात्री लाइट बंद करून मोबाइलचा टॉर्च चित्राच्या बाजूने, अगदी आडवा धरा, समोरून नको. काळा भाग चमकला तर पेन्सिल म्हणजे ग्राफाइट. अजिबात चमकला नाही, मखमली काळा दिसला आणि कागदाच्या खडबडीतपणावर भुकटी बसल्यासारखी दिसली तर चारकोल, म्हणजे चित्रासाठीचा लाकडी कोळसा. आणि कागद जरा लहरला असेल, काळ्याच्या कडेला पाणी सुकल्याची रेघ असेल तर शाई. तुम्ही ‘फासल्यासारखं’ म्हणालात त्यावरून मला चारकोलच वाटतोय. चारकोल असेल तर एक लक्षात घ्या, त्याने पटकन काढता येतं, मोठमोठे आकार आधी येतात आणि बारीक कलाकुसर शेवटी, ती पण हवी असली तरच. म्हणजे उजवीकडची झाडी फासून सोडली आणि डावीकडची झाडं मात्र फांदी फांदी करून काढली, हे त्याने ठरवून केलंय. त्याला तुमची नजर डावीकडे न्यायचीय.

दुसरं म्हणजे डोळे किलकिले करून बघा, बारीकसारीक सगळं पुसलं जातं आणि फक्त काळ्या-पांढऱ्याचे तुकडे उरतात. सगळ्यात गडद काळं आणि सगळ्यात स्वच्छ पांढरं एकमेकांना चिकटून कुठे आलंय ती जागा शोधा. काळ्या-पांढऱ्या चित्रात चित्रकाराकडे लाल-पिवळा नसतो, नजर खेचायला त्याच्या हातात हेच एक साधन असतं, त्यामुळे तो ते उगाच कुठेही वापरत नाही. मला विचाराल तर चित्राचा विषय तिथेच असतो, मग ते झाड असो, पट्टा असो का तुमचा तो खुंट.

तिसरं, तो पांढरा पट्टा. त्याची कड जवळून बघा. कागद पहिल्यापासून कोरा सोडला असेल तर कड स्वच्छ असते आणि आतला पांढरा आजूबाजूच्या न रंगवलेल्या कागदाइतकाच उजळ असतो. पण आधी चारकोल फासून मग मऊ खोडरबराने उचलला असेल तर तिथे अगदी हलकी करडी झाक राहतेच, काही केल्या पूर्ण जात नाही. कोरा सोडलेला असेल तर उजेड कुठे ठेवायचा हे त्याला पहिल्या रेघेआधीच माहीत होतं. उचललेला असेल तर उजेड त्याला चित्र करताना सापडला. माझ्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

आणि ते ठिपके. ते काळेच आहेत ना, का तपकिरी? जुन्या कागदावर दमटपणाने तपकिरी डाग पडतात आणि लोक त्यांना पक्षी समजतात. जवळून बघून सांगा.

लेकीला पण सोबत घ्या बघायला, तिचे डोळे आत्ता तयार होतायत.

मनमोकळं_बोला

मी नुकताच एक ऑनलाइन कोर्स केला त्यात ट्री टेस्ट होती. बिनपानांचं झाड म्हणजे एकटेपणा, नैराश्य. कललेलं झाड म्हणजे आधार शोधणारा माणूस. काळं फासलेलं म्हणजे दबलेली भीती. ज्याने काढलंय तो नक्की डिप्रेशनमध्ये असणार. सासूबाईंना जे जाणवतंय ते बरोबरच आहे.

पाचपाखाडी_पूर्वीची

वरच्या प्रतिसादाला थांबवणं गरजेचं वाटतं म्हणून लिहितेय. मी समुपदेशनात काम करते आणि हा गैरसमज खूप पसरलाय.

झाडाच्या चित्रावरून माणूस ओळखायच्या ज्या चाचण्या आहेत त्या कुठल्याही चित्रासाठी नाहीतच. स्वित्झर्लंडच्या कार्ल कोख यांनी १९४९ मध्ये झाडाच्या चाचणीवर पुस्तक लिहिलं, त्याच्या एक वर्ष आधी अमेरिकेत जॉन बक यांनी घर-झाड-माणूस अशी चाचणी मांडली. दोन्हीत समोर बसलेल्या माणसाला कोरा कागद देऊन ‘झाड काढा’ सांगतात. तो आठवणीतलं, मनातलं झाड काढतो, आणि मग त्याच्याशी बोलतात, बक यांच्या चाचणीत तर चित्रानंतरचे प्रश्न हा मोठा भाग आहे. इथे एक चित्रकार बाहेर उभा राहून समोरची झाडं काढतोय. समोरचं झाड कललेलं असेल तर तो काय करणार, सरळ काढणार? शिवाय या चाचण्या कितपत भरवशाच्या यावर मानसशास्त्रात सुरुवातीपासून आक्षेप आहेत, एकाच चित्राचे दोन तज्ज्ञ दोन अर्थ लावतात. त्यामुळे ज्याला आपण कधी भेटलो नाही, ज्याची सहीसुद्धा वाचता येत नाही, त्या माणसाला घरबसल्या डिप्रेशनचं लेबल लावू नये. असं लेबल जिवंत माणसांनाही लावलं जातं आणि त्याचा त्रास मी रोज बघते.

सासूबाईंना नकोसं वाटतं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती खरी आहे. चित्राने त्यांना काहीतरी आठवत असेल. त्यांना विचारा की, आई, असं झाड कुठे पाहिलं होतं का तुम्ही. पटवायला जाऊ नका, फक्त विचारा आणि ऐका.

येऊरवाटा

मी चित्रातला नाही, झाडांतला माणूस. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात फिरणं चालूच असतं. माझा मुद्दा एकच, पानं नाहीत म्हणजे झाड वाळलं असं आपल्याकडे कुणी कसं म्हणू शकतं! आपली पानझडी जंगलं आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊरच्या चढावर जा, सागाचं पान शिल्लक नसतं, मे संपेपर्यंत नुसते खराटे उभे असतात आणि पहिल्या पावसाबरोबर तीच झाडं हातभर पानांनी भरून जातात. उन्हाळ्यात पाणी वाचवायला झाड पानं टाकून देतं, तो त्याचा शहाणपणा आहे.

आता गंमत बघा, त्याच येऊरमध्ये त्याच दिवशी ओढ्याच्या काठाला आंबा, जांभूळ, करंज हिरवेगार असतात, इतके दाट की आत ऊन पोचत नाही. चढावर उघडी झाडं आणि ओढ्याला गच्च झाडी, हे दोन्ही एकाच नजरेत दिसतं. तुमच्या चित्रात डावीकडे उघडी झाडं आणि उजवीकडे गच्च काळोख आहे म्हणालात, तर मला हे भुताचं जंगल वगैरे न वाटता सरळसरळ आपल्याकडचा माघ-फाल्गुन वाटतोय. चित्रकाराने ऋतू काढलाय.

झाड कुठलं ते फांद्यांवरून कळतं. फांद्या खोडातून एकाच उंचीवर चारी बाजूंना निघत असतील, मग थोडं खोड, मग परत तशाच फांद्या, असे मजले असतील आणि फांद्या जवळजवळ आडव्या असतील तर ती काटेसावर. वेडंवाकडं, गाठीगाठींचं खोड असेल तर पळस असू शकतो. उंच सरळ खोड आणि टोकाला उभे झुबके, तर साग, कारण सागाची वाळलेली फळं पानं गेल्यावरही शेंड्यावर टिकून राहतात. आता ते ठिपके नीट बघा. शेंड्यावर झुबक्याने आहेत का फांदीवर एकेक सुटे? सुटे, गोलसर, फांदीच्या वरच्या अंगाला बसलेले असतील तर ते कावळे नव्हेत, त्या सावरीच्या कळ्या आहेत!!

अजून एक. चित्रकाराने झाड खरंच बघून काढलंय का मनाने, हे ओळखायची एक युक्ती आहे. लिओनार्दो दा विंचीने वहीत लिहून ठेवलंय की झाडाच्या कुठल्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खोडाइतकी भरते. म्हणजे फांदी बारीक होते ती फुटते तिथे. मनाने काढणाऱ्याच्या फांद्या न फुटताच मुळ्यासारख्या निमुळत्या होत जातात. तुमच्या चित्रात फांदी कुठे बारीक होते ते बघा.

नेरूळची_सून

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीने आणि मी टॉर्च घेऊन बघितलं, मिस्टर मध्येच येऊन बसले.

चमकत नाही, काळं अगदी मखमलीसारखं आहे, म्हणजे काळा_खडू सर म्हणाले तसं चारकोल. पट्ट्याची कड डावीकडून स्वच्छ आहे, पण उजव्या झाडीजवळ करडी झाक आहे आणि तिथे खोडरबर ओढल्याच्या चार-पाच आडव्या खुणा दिसतात. ठिपके तपकिरी नाहीत, काळेच, आणि झुबक्याने नाहीत, एकेक सुटे, बहुतेक फांदीच्या वरच्या बाजूला. आणि हो, कललेल्या झाडाच्या फांद्या मजल्या-मजल्याने आहेत!! लेकीने ते पहिल्यांदा बघितलं. बाकीच्या दोन झाडांना ठिपके नाहीत. दोन ठिपके मात्र वेगळे आहेत, त्यांना मागे छोटी रेघ आहे शेपटीसारखी.

खुंट भिंगाने बघितला. तो वरून गोल आहे, डोक्याला गडद आणि खाली पांढरा. सगळ्यात काळं आणि सगळ्यात पांढरं जवळ आलंय ती जागा मला वाटलं होतं खुंटापाशी असेल, पण नाही, ती कललेल्या झाडाच्या बुंध्याशी आहे, तिथे बुंध्याच्या मागे कोरा कागद आहे.

सासूबाईंना विचारलं. त्या लहानपणी रोह्याला होत्या, त्यांच्या वाडीत एक झाड वीज पडून जळलं होतं आणि त्यावर कावळे बसायचे, ते त्यांच्या डोळ्यांसमोर येतं. इतकी वर्षं मला हे माहीतच नव्हतं.

येऊरवाटा

मग काटेसावरच! कललेली आहे म्हणजे बहुतेक उतारावरची असणार, उजेडाकडे झुकलेली. मजले, सुट्या कळ्या, सगळं जमतंय. सावरीच्या कळीला जाड हिरवट-तपकिरी वाटी असते, लांबून ती काळा गोळाच दिसते. आणि फूल उमललेलं असेल तरी लाल रंग काळ्या-पांढऱ्यात गडदच उतरतो, उजळ आभाळासमोर तर नक्कीच. आभाळासमोरची सावर डोळे किलकिले करून बघा, मला काय म्हणायचंय ते कळेल.

शेपटीवाले दोन ठिपके पक्षीच असणार. सावर फुलली की मैना, बुलबुल, कोतवाल, कावळे सगळे मधासाठी येतात, त्या दिवसांत जंगलात सगळ्यात जास्त गलका याच झाडावर असतो. म्हणजे सासूबाईंचे कावळे अगदीच चुकीचे नाहीत, फक्त ते फुलांवर आलेत. त्यांना हे सांगा, आणि जमलं तर फेब्रुवारीत एकदा येऊरला घेऊन जा, गेटच्या पुढे फार चालावं लागत नाही.

शाई_आणि_कागद

धागा फार छान चाललाय म्हणून राहवलं नाही. मी शाईत काम करते, बेलापूरला. मूळ प्रश्नातल्या दोन गोष्टींवर लिहिते, पानं नसणं आणि काही न काढणं.

चीनमध्ये ग्वो शी नावाचा फार मोठा चित्रकार होऊन गेला, त्याचं १०७२ सालचं एक शाईचं निसर्गचित्र तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये आहे. डोंगर, धुकं, आणि खेकड्याच्या नांग्यांसारख्या वाकलेल्या फांद्यांची झाडं, बहुतेकांना पान नाही. आणि चित्राचं नाव काय, तर ‘वसंताची सुरुवात’. पान फुटायच्या अगदी आधीचा क्षण त्याने पकडलाय, बर्फ वितळतोय, ओल सुटलीय, झाड अजून उघडं आहे पण आत सगळं चालू झालंय. त्याच्याच नावावर असलेल्या लेखनात वसंतातला डोंगर हसतो असं म्हटलंय. जवळजवळ साडेनऊशे वर्षांपूर्वीपासून उघडी झाडं वसंतासाठी वापरली गेलीत, तेव्हा उघडं झाड म्हणजे मरण हे समीकरण सगळीकडे कधीच नव्हतं.

आता कोरा कागद. जपानच्या हासेगावा तोहाकूने सोळाव्या शतकाच्या शेवटी पाइनची झाडं काढली, सहा-सहा भागांच्या, घडी होणाऱ्या दोन मोठ्या उभ्या पडद्यांवर, ती टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. जवळून बघितलं तर शाईचे रागाने मारल्यासारखे फराटे, बाकी बहुतेक कागद रिकामा. चार पावलं मागे गेलं की धुक्यात उभी झाडं, ओलसर हवा, सगळं दिसायला लागतं. धुकं त्याने काढलेलंच नाही, ते बघणाऱ्याने भरलंय. तुमच्या मिस्टरांना पट्ट्यात धुकं दिसलं आणि दुसऱ्याला रस्ता, हे चित्रकाराने तुम्हाला दिलेलं काम आहे. म्हणून ‘ज्याला जे वाटेल ते’ हे अर्धंच खरं. तोहाकूच्या पडद्यात कुणाला समुद्र दिसेल, कुणाला पहाट दिसेल, पण कुणाला भरदुपार नाही दिसणार, कारण शाईच्या फिकटपणाने ती वाट बंद केलीय. चित्र काही वाटा उघड्या ठेवतं आणि काही बंद करतं, त्या बंद वाटा ओळखणं हेच वाचन, असं मला वाटतं.

आपल्याकडे चित्रकार नंदलाल बोस १९२४ मध्ये रवींद्रनाथांबरोबर चीन-जपानला जाऊन आले आणि शाईची, ब्रशच्या मोजक्या फटकाऱ्यांची ही ओढ शांतिनिकेतनमध्ये मुरली. ७८ सालापर्यंत आपल्याकडच्या आर्ट स्कूलमधून शिकलेल्या कुणालाही कोऱ्या कागदाची ताकद माहीत असणार.

पण दुसरी बाजूही सांगते. झाडात दुःख असूच शकत नाही असं नाही. व्हॅन गॉगने १८८२ मध्ये हेगला असताना उघड्या मुळांचं एक चित्र केलं आणि भावाला पत्रात लिहिलं की त्या काळ्या, गाठाळ मुळांत त्याला जगण्याची झगड आणायचीय. तिथे आपण ठामपणे बोलू शकतो कारण तो स्वतः सांगून गेलाय. तुमच्या चित्रकाराचं पत्र आपल्याकडे नाही. आहे तो कागद. आणि कागद सांगतोय की त्याने सगळ्यात उजळ जागा फुलणाऱ्या झाडाच्या बुंध्यामागे ठेवली. दुःख सांगायचं असतं तर उजेड तिथे कशाला ठेवला असता?

आणि भिंग खाली ठेवू नका. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६४३ च्या तीन झाडांच्या एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रात, वरवर बघितलं तर झाडं, वादळी आभाळ आणि सपाट माळ. भिंग लावलं की एक मासे पकडणारा, उजवीकडे झुडपात बसलेलं जोडपं आणि टेकाडावर चित्र काढत बसलेला एक माणूस सापडतो. तुमच्या गच्च काळ्या झाडीतही कुणी असू शकतं.

जुना_माजिवडेकर

वरून गोल, डोक्याला गडद, खाली पांढरा, कडेला रोवलेला. अहो तो मैलाचा दगड आहे! राज्य रस्त्याच्या दगडाचं डोकं हिरवं असतं, ते काळ्या-पांढऱ्यात गडदच येणार. नॅशनल हायवेचा असता तर पिवळं डोकं फिकट आलं असतं. म्हणजे पट्टा हा रस्ता. आणि आत्याबाई ठाण्याच्या, साल ७८, एका बाजूला चढावर उघडी झाडं, मागे डोंगर, मला तर हा आपला घोडबंदर रोड दिसतोय. आत्ता जे टॉवर बघताय त्यांचं तेव्हा नाव नव्हतं, माजिवडा सोडलं की झाडी लागायची, रस्ता अरुंद, संध्याकाळनंतर गाडी क्वचित. आम्ही सायकलवर जायचो. ज्या कुणी हे काढलं त्याने फार मोलाची गोष्ट जपून ठेवलीय, कारण ती जागा तशी आता डोळ्यांनी बघायला मिळायची नाही. हे चित्र हॉलमध्येच लावा, माझी विनंती समजा.

काळा_खडू

माजिवडेकर, दगडाचं एकदम पटलं. रस्त्याचं मात्र थोडं थांबून. ताईंनी सांगितलेल्या त्या खोडरबराच्या आडव्या खुणा मला खटकतायत. रस्ता मागे जातो तेव्हा माणूस रेघा रस्त्याच्या दिशेने ओढतो, आडव्या ओढतो ते पाण्याला. पण पाणी असतं तर झाडांची प्रतिबिंबं उभी, बरोबर झाडांच्या खाली उतरली असती आणि तशी काही नाहीत. मग उरतं काय, तर रस्त्यावर आडव्या पडलेल्या उन्हाच्या तिरिपी, गच्च झाडीतून आलेल्या. तसं असेल तर ऊन उजवीकडून आलंय आणि डावीकडच्या झाडांची उजवी अंगं उजळ हवीत. ताई, एवढं एक बघून सांगाल? खोडाच्या उजव्या कडेला पांढरी रेघ सोडलीय का? उजवी अंगं काळीच असतील तर माझा हा तर्क सोडून द्यायचा आणि पट्टा धुक्याचाही असू शकतो, मिस्टरांचा मुद्दा शिल्लक राहतो.

नेरूळची_सून

सर, मधल्या झाडाला आहे, बारीक, उजव्या कडेला, वरपासून खालपर्यंत. पहिल्या झाडाला पण आहे पण तुटक. तिसऱ्या झाडाला नाही, ते उजव्या झाडीच्या सावलीत येत असेल का? लेक म्हणतेय हो, आणि ती आता वहीत तेच झाड काढत बसलीय.

माजिवडेकर काका, घोडबंदरचं वाचून आत्याबाईंना फोन केला. त्यांचे मिस्टर नोकरीनिमित्त त्या बाजूला जायचे एवढं त्या म्हणाल्या, जागेचं नक्की सांगता येत नाही. सासूबाई अजून हॉलला तयार नाहीत पण काल स्वतःहून ‘कळ्या कुठल्या गं’ म्हणून चष्मा लावून बघून आल्या. सध्या पॅसेजमध्ये लावायचं ठरलंय.

आता शेवटचा प्रश्न. फ्रेम जुनी झालीय, मागचा पुठ्ठा फुगलाय, नवीन करायला देऊ ना? आणि कुणीतरी सांगितलं की चारकोल झडतो म्हणून वरून फिक्सेटिव्हचा स्प्रे मारून घ्या. मारू का?

चौकट_आणि_काच

ताई, माझं कामच फ्रेमिंगचं, ठाण्यात. आधी हे सांगतो की दुकानात टाकून येऊ नका, उघडताना समोर उभं राहा. घाईत लोक कागद फ्रेमच्या मापाला बसवायला कडा कापतात, आणि सही, जागेचं नाव, तारीख बहुतेक वेळा कडेलाच असते. दुसरं, मागची बाजू नक्की बघा. बरेच चित्रकार पेन्सिलीने मागे जागा आणि साल लिहून ठेवतात, तुमचा घोडबंदरचा वाद तिथे मिटला तर मिटेल. जुना पुठ्ठा फेकायच्या आधी त्याचीही आतली बाजू बघून घ्या.

मागे हार्डबोर्ड असेल तर तो बदलाच, त्यातल्या आम्लाने कागद पिवळा-तपकिरी होत जातो. अॅसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा आम्ल नसलेला जाड पुठ्ठा, मागा, थोडा महाग पडतो पण तोच लावा. काच कागदाला चिकटता कामा नये, मध्ये माउंटची जाडी हवीच, नाहीतर पावसाळ्यात आत ओल धरते आणि चारकोल काचेला लागतो. काचेऐवजी अॅक्रिलिक शीट देतो म्हणाले तर नको म्हणा, हलकी असते म्हणून लोक घेतात पण तिच्यावर स्थिर वीज तयार होते आणि ती चारकोलची भुकटी ओढून घेते. नेरूळला खाडीची हवा आहे, त्यामुळे बाहेरच्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर लावू नका, पॅसेजची आतली भिंत उत्तम. मागे चारी कोपऱ्यांना छोटे बूच लावून घ्या म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळती राहील. उघडल्यावर कागदावर फुंकर मारू नका, कापड तर लावूच नका.

आणि स्प्रे मारू नका. इतकी वर्षं टिकलंय, आता जे झडायचं होतं ते झडून गेलंय. फिक्सेटिव्हने फिकट करडे एक पायरी गडद होतात. तुमच्या चित्रात मागचा डोंगर, पट्ट्यातली ती खोडरबराची झाक आणि खोडाची उजळ कड, सगळं त्या फिकट करड्यातच आहे, ते बुजलं तर परत आणता येणार नाही.